त्या स्टँपपेपरवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे

आमच्या घरात पत्र्याच्या पेटीत शंभर रुपयांचा एक स्टँपपेपर आहे. त्यावर तीन सह्या आणि एक अंगठा आहे. अंगठा माझ्या थोरल्या आईचा. एक सही वहिनीची, एक ठेकेदाराची शिक्क्यासकट आणि तिसरी साक्षीदार म्हणून माझी. कागदात लिहिलंय की माझा चुलत भाऊ पायलिंगच्या कामावर असताना 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' मयत झाला, ठेकेदाराने 'माणुसकीच्या नात्याने' दोन लाख रुपये रोख दिले आणि यापुढे वारसांची कसलीही मागणी राहणार नाही. महिना जानेवारी, साल २०२१. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बारावी पास, घरात सगळ्यांत जास्त शिकलेला. म्हणून सही माझी घेतली.

मित्रांनो, या सहीबद्दल मी आजवर कुठल्याही कार्यक्रमात बोललो नाही. संविधानावर बोललो, आरक्षणावर बोललो. सहीवर बोलायला तोंड उघडलं नाही. आज लिहितोय, कारण या महिन्यात माझ्याच गावच्या शेजारच्या वस्तीत असाच एक कागद तयार होताना मी पाहिला.

लॉकडाऊननंतर कॉलेज बंद होतं. दादा म्हणाला, "घरी बसून काय करतो, चल माझ्यासंगं. चार पैसे भेटतील." परभणीहून आम्ही नवी मुंबईला आलो. खाडीच्या बाजूला मोठ्या इमारतीचं काम होतं. दादा नऊ वर्षं पायलिंगच्या टोळीत होता. मी हेल्पर.

इमारतीसाठी पायलिंग लागतं म्हणजे काय, हे आधी सांगतो. खाडीकाठची जमीन म्हणजे वरून भराव आणि खाली मऊ चिखल. त्यावर इमारत उभी राहत नाही. म्हणून चिखल भेदून खालच्या खडकापर्यंत गोल भोक पाडायचं, त्यात लोखंडाचा पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. असे शेकडो खांब जमिनीच्या पोटात जातात आणि त्यांच्यावर तुमचे वीस-वीस मजले उभे राहतात. मोठ्या कामांवर त्यासाठी अजस्र रिग असते. आमच्याकडे ट्रायपॉड होता. लोखंडी पाइपांचे तीन पाय, वर कप्पी, खाली डिझेल इंजिनवर चालणारी विंच. वायर रोपला टनाच्या पुढचं वजन असलेली चिझल टांगलेली. ऑपरेटर लिव्हर ओढतो, चिझल वर येते. लिव्हर सोडतो, चिझल खाली आदळते. दिवसभर हेच चालतं. बेंटोनाईटचं पाणी भोकातून माती वर आणत राहतं. हेल्पर भोकाच्या तोंडाशी उभा राहून दोर सरळ धरतो, गाळ काढतो, केसिंग बघतो.

या कामात माणूस किती प्रकारे मरू शकतो, हे दादाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एखाद्या अनुभवी माणसाने शिकवावं तसं, सरळ. भोक पूर्ण झालं आणि काँक्रीट यायला उशीर असला की वर गोणपाट किंवा प्लायचा तुकडा टाकतात. त्यावर पाय ठेवायचा नाही. आत गेलास तर तो गाळ आहे, पोहता येत नाही. हायड्राने पिंजरा उचलताना खाली थांबायचं नाही, पिंजरा मधूनच वाकतो. ट्रायपॉड हलवताना वर बघायचं, विजेची तार असली तर आधी ओरडायचं. भराव ओला असला तर पायाखाली फळ्या नीट बसल्यात का ते बघायचं, ट्रायपॉड एका बाजूला बसत जातो. सिमेंट कातडीवर राहू द्यायचं नाही, हात सोलून निघतात. आणि दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही.

हे सगळं सांगणारा माणूस दोराच्या रेषेतच उभा राहून काम करायचा. कारण भोकाच्या तोंडाशी दुसरी जागाच नव्हती.

पलीकडच्या प्लॉटवर तयार खांब हातोड्याने ठोकण्याचं काम चालायचं. वजनदार हातोडा वरून खांबाच्या डोक्यावर पडायचा. तिथल्या टोळीतल्या माणसांशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं, काम बंद असतानासुद्धा. त्यांचं वय तिशीच्या आसपास. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. हातोड्याजवळचा आवाज ती सहज ओलांडतो. कानात घालायचे बोंडगे तिथे मी कधी पाहिले नाहीत. बहिरेपणाने कुणी मरत नाही, त्यामुळे त्याचा स्टँपपेपरही होत नाही.

आमच्या दोराच्या तारा डिसेंबरातच तुटायला लागल्या होत्या. वायर रोपच्या बाहेरच्या तारा तुटल्या की काट्यासारख्या बाहेर येतात. हातमोजा फाटतो, बोटं रक्ताळतात. दादाने तिथे जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. मुकादमाला दोनदा सांगितलं. मुकादम म्हणाला, "एवढा पाइल काढा, मग बदलू." तो पाइल झाला, दुसरा सुरू झाला. खडक लागला होता. चिझल तासन्‌तास आपटावी लागत होती.

दुपारी तीनच्या सुमाराला चिझल वर येत असताना दोर तुटला. चिझल भोकात गेली. वरचा मोकळा दोर चाबकासारखा फिरला आणि दादाच्या मानेवर बसला. मी सात-आठ फुटांवर पाण्याचा पाइप धरून होतो. दादाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. खाली पडल्यावरही ते डोक्यावरच होतं.

हे मुद्दाम लिहितो. सुरक्षेचा विषय निघाला की पांढरपेशा माणूस पहिलं वाक्य बोलतो, "हे लोक हेल्मेटच घालत नाहीत हो." दादाने घातलं होतं. टनभर वजनाच्या ताणाने तुटलेल्या दोरापुढे हेल्मेट काय करणार? हेल्मेट ही शेवटची आड आहे. पहिली आड म्हणजे चांगला दोर. तो मालकाने द्यायचा असतो. शेवटची आड मजुराच्या डोक्यावर ठेवायची आणि पहिली आपण द्यायची नाही, मग मेल्यावर त्याचाच निष्काळजीपणा लिहायचा. हा व्यवहार आपण ओळखला पाहिजे.

पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. शवविच्छेदन झालं. ठेकेदाराने रुग्णवाहिका करून दिली, डिझेलचे पैसे दिले. आम्हाला वाटलं, माणूस चांगला आहे. तिसऱ्या दिवशी तो स्वतः गावात आला. दारात चप्पल काढून बसला. थोरल्या आईच्या पाया पडला. मग पिशवीतून नोटा आणि कागद काढला. म्हणाला, "वेळ आली होती, माई. आपल्या हातात काय असतं?" थोरली आई म्हणाली, "नशीबच फुटकं आमचं." भावकीतले चार जण म्हणाले, कोर्टकचेरी आपल्याला झेपणार नाही, देतोय तर घ्या. वहिनीच्या मांडीवर दोन वर्षांची पोर होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी कागद वाचला. 'निष्काळजीपणा' हा शब्द वाचला. आणि सही केली.

ज्या घरात हे चाललं होतं त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे. दर रविवारी आम्ही विहारात जातो. नशीब, प्रारब्ध, पूर्वसंचित हे आपण १९५६ला सोडलं असं आम्ही अभिमानाने सांगतो. आणि ठेकेदाराने 'वेळ आली होती' म्हटल्यावर आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही, की दोर का तुटला? बुद्धाची सगळी शिकवण या एका प्रश्नात आहे. काहीही कारणाशिवाय घडत नाही. कारण शोधा, कारण काढून टाका. आम्ही देव सोडले, पण साइटवरचा मृत्यू अजून देवाच्या खात्यावर टाकतो.

पुढे मी लॉ कॉलेजला गेलो. कामगार कायद्याचा पेपर होता. बांधकाम कामगारांसाठी १९९६चा वेगळा कायदा आहे, त्याचे १९९८चे केंद्रीय नियम आहेत, महाराष्ट्राचे २००७चे नियम आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्यात पायलिंगवर स्वतंत्र प्रकरण आहे. यंत्राची तपासणी, चालवणाऱ्याचं संरक्षण, कामगारांना सूचना आणि देखरेख, अनोळखी माणसाला जवळ येऊ न देणं, सगळं लिहिलेलं. आणि वायर रोपचा नियम असा, की दोराच्या जाडीच्या आठ पट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त झाल्या तर तो दोर वापरायचाच नाही.

मी वहीवर हिशेब मांडला. वीस मिलिमीटरचा दोर धरला तर आठ पट म्हणजे सोळा सेंटिमीटर. वीतभरही नाही. सहा पेडांचा दोर, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे ११४ तारा. त्याचे दहा टक्के अकरा. म्हणजे वीतभर दोरावर बारा काटे दिसले की दोर फेकून द्यायचा. बारापर्यंत मोजता येणाऱ्या कुणालाही हे करता येतं. मी बारावी शिकलेला, रोज त्या दोराशेजारी उभा होतो, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चिंधीखाली काटे किती होते ते मी मोजलं नाही. पण चिंधी गुंडाळावी लागली, एवढं मला माहीत आहे.

मग दोर का बदलला नाही? ठेकेदार दुष्ट होता म्हणून? एवढं सोपं उत्तर देऊन आपण सुटू नये. पायलिंगचा दर रनिंग मीटरवर असतो. जितकं खोल, तितके पैसे. दोर बदलायचा म्हणजे काम थांबतं. थांबलेल्या तासांचे पैसे कुणी देत नाही. बिल्डरने काम मोठ्या कंपनीला दिलेलं असतं, तिने पायलिंगवाल्याला, त्याने छोट्या ठेकेदाराला, त्याने मुकादमाला. मुकादमाने टोळीला आधीच उचल दिलेली असते. प्रत्येक पायरीवर पैसा वर थांबतो आणि घाई खाली ढकलली जाते. सगळ्यांत खाली भोकाच्या तोंडाशी जो उभा आहे, त्याला घाई आणखी खाली ढकलायला जागा नाही. त्याच्या खाली फक्त भोक आहे.

आणि तिथे कोण उभं असतं? आमच्या टोळीत अकरा जण होतो. सात मराठवाड्यातले बौद्ध आणि मातंग, दोन बंजारा, दोन झारखंडचे आदिवासी. ऑपरेटर, फिटर, सुपरवायझर, सर्व्हेअर यांच्यात आमच्यातला एकही नव्हता. एका टोळीवरून मी साऱ्या महाराष्ट्राचा हिशेब मांडत नाही. पण तुम्ही तुमच्या घराजवळच्या साइटवर जा, जेवणाच्या सुट्टीत बसा, आडनावं आणि गावं विचारा.

हे बाबासाहेबांनी फार आधी पाहिलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. पगार त्याच खात्यात जास्त होता. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. अस्पृश्य कामगार रेल्वेत गँगमन म्हणूनच कसा अडकून पडतो, हेही मांडलं. जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, हा त्यांचा मुद्दा. पायलिंगच्या साइटवर मी त्यात एवढीच भर घालीन, की धोकाही याच उतरंडीने वाटला जातो.

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. डिसेंबर १९४३मध्ये ते धनबाद भागातल्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले. खाणकामगार कुठे उभा राहतो, कुठे झोपतो, हे त्यांनी जाऊन पाहिलं. आपण त्यांच्या पदव्यांचे फलक लावतो. खाणीत उतरणाऱ्या मजूरमंत्र्याचा फलक मी आजवर एकाही जयंतीत पाहिला नाही.

आता त्या कागदाचं काय झालं ते सांगतो.

दादा गेला तेव्हा १९२३चा कर्मचारी भरपाई कायदा लागू होता. मृत्यू झाला तर भरपाई काढायची रीत त्यात ठरलेली आहे: महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम गुणिले वयानुसार एक ठरलेला आकडा. जानेवारी २०२०पासून मजुरीची मोजण्याची मर्यादा १५,००० रुपये होती. दादाला रोज सहाशे रुपये मिळत, म्हणजे महिना मर्यादेच्या वरच जायचा. त्याचं वय एकतीस. त्या वयाचा आकडा २०५.९५. साडेसात हजार गुणिले २०५.९५ म्हणजे १५,४४,६२५ रुपये. उशीर केला तर वर बारा टक्के व्याज. आणि दंड वेगळा. आमच्या हातावर दोन लाख ठेवून ठेकेदार 'माणुसकी' लिहून गेला होता.

पण त्याहून मोठी गोष्ट त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात दिलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाहीत. आणि कलम १७ सांगतं, की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो. म्हणजे ज्या कागदाला भिऊन आम्ही तीन वर्षं गप्प बसलो, तो हक्क मारायला लायकच नव्हता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने नव्हे. दावा दोन वर्षांत करायचा असतो आणि दोन वर्षं उलटून गेली होती.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, तवा तुमीच म्हनले सही करा." मी काय बोलणार? मग म्हणाली, "आता तुमीच लढा." पुरेसं कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात. तसा अर्ज केला, उशीर माफ झाला. वारस जिथे राहतात तिथेही दावा करता येतो, त्यामुळे दर तारखेला नवी मुंबई गाठावी लागत नाही.

समोरच्याने लेखी उत्तर दिलं: हा मजूर आमच्याकडे कामाला नव्हताच. हजेरीपटावर नाव नाही. खरंच नव्हतं, कारण आम्हा अकरा जणांपैकी कुणाचंच नव्हतं. तेव्हा वकिलांनी पेटीतला तो कागद पुढे ठेवला. 'पायलिंगच्या कामावर असताना मयत' असं त्यात लिहिलेलं, खाली ठेकेदाराची सही आणि शिक्का. आमचं तोंड बंद करायला केलेला कागदच दादा तिथे कामाला होता याचा पुरावा झाला.

दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते निकाल लागल्यावर लिहीन. पण तोवर आपल्या पोरांना हे माहीत हवं. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुन्या कायद्यांची नावं आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यावर आपली भांडणं आहेत आणि असायला हवीत. पण मृत्यूची भरपाई परस्पर न देता अधिकाऱ्याकडे जमा करायची, हे तत्त्व नव्या संहितेतही आहे.

म्हणून साइटवर कुणी गेल्याचा फोन आला, की कार्यकर्त्याने पहिल्या दिवशी एवढं करावं. दोर, यंत्र, भोक, जागा यांचे फोटो काढून ठेवावेत, कारण दुसऱ्या दिवशी नवा दोर लागलेला असतो. आकस्मिक मृत्यूच्या नोंदीवर न थांबता निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवायला लावावा. सोबतच्या मजुरांचे नंबर घ्यावेत. मुकादम त्यांना दोन दिवसांत दुसऱ्या साइटवर हलवतो. मयताच्या मोबाइलमध्ये मुकादमाचे पैसे आल्याची नोंद, ग्रुपवरचे मेसेज, गेटपास, काहीही टाकून देऊ नये. फक्त मुकादमाला धरू नये, ठेकेदारामागच्या मुख्य मालकावरही भरपाईची जबाबदारी येते. बांधकाम मंडळात नोंदणी असेल तर मंडळाचा लाभ वेगळा मिळतो, तो भरपाईतून कापायचा नसतो. आणि घरात स्टँपपेपर आला तर सही करू नये. कुणी आधीच केली असेल तर कागद फाडू नये.

मंडळाच्या भांड्यांच्या संचासाठी आपल्या वस्त्या रांगा लावतात. त्यात चूक काही नाही, तो उपकरातून आलेला आपलाच पैसा आहे. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला आपण दोराचा नियम सांगितला का? मी आता सांगतो. दर रविवारी विहारात वंदना झाली की पंधरा मिनिटं मिळतात. एक जुना वायर रोपचा तुकडा नेतो. पोरांच्या हातात देतो आणि तुटक्या तारा मोजायला लावतो. बारा झाल्या की काय करायचं, ते आता लहान पोरंही सांगतात.

परवा शेजारच्या वस्तीत गेलो तेव्हा कागद टेबलावर होता, पेन उघडं होतं. मयताचा धाकटा भाऊ माझ्याएवढाच शिकलेला. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. त्याने पेनाला टोपण लावलं.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. समोरचा वकील तो कागद दाखवून विचारणार, ही सही तुमचीच ना? मी हो म्हणणार आहे. आणि विचारलं नाही तरी सांगणार आहे, की त्यातला 'निष्काळजीपणा' हा शब्द खोटा आहे, हे सही करतानाच मला माहीत होतं.

जय भीम.